गेममधला राजा खरा किती? स्वतः तपासायची पद्धत

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांमध्ये एक स्टोरी सगळ्यांना पाठ असते. १९९१ च्या पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये म्हणे गांधीजींचा आक्रमकपणा १ ठेवला होता, मग भारताने लोकशाही घेतली की त्यातून २ वजा व्हायचे, आकडा शून्याखाली गेला की कॉम्प्युटर गडबडायचा आणि थेट २५५ वर उडी मारायचा, आणि मग गांधीजी दिसेल त्याच्यावर अणुबॉम्ब टाकत सुटायचे. मी ही स्टोरी कित्येक वर्षं छाती फुगवून सांगितली आहे. आणि ती खोटी आहे. गेम बनवणाऱ्या सिड मायरनेच २०२० मध्ये आलेल्या स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकात सांगून टाकलं की असा बग कधी नव्हताच. बॉम्बवाले गांधीजी खरोखर कोडमध्ये आले ते २०१० च्या सिव्हिलायझेशन ५ म्हणजे सिव्ह ५ मध्ये, तेही मुद्दाम, गंमत म्हणून, दहाच्या स्केलवर अण्वस्त्रांसाठी त्यांना १२ दिले होते.

म्हणजे बघा, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या एका गेमचा इतिहास आपण धड लक्षात ठेवू शकत नाही आणि निघालोय क्लिओपात्राचा इतिहास तपासायला. तरी तपासायचाच, फक्त जरा पद्धतशीर. मी जसं करतो तसं सांगतो.

पायरी १: गेमने प्रॉमिस काय केलंय ते आधी बघा

बहुतेक भांडणं इथेच फुकट जातात. सिव्ह ६ मध्ये रूझवेल्ट इ.स.पू. ४००० ला अमेरिकेचं पहिलं गाव वसवतो, आता यावर कुणी "हे चुकीचं आहे" म्हणाला तर त्याला काय बोलणार, गेमने ते खरं असल्याचा दावाच केलेला नाही. तो बुद्धिबळासारखा पट आहे, वर इतिहासाचे कपडे घातलेत. पण रोम टोटल वॉर तुम्हाला सांगतो की आत्ता इ.स.पू. २७० चालू आहे. युरोपा युनिव्हर्सालिस ४ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला, वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये १०६६ निवडलं तर तारीख १५ सप्टेंबर असते, म्हणजे हेस्टिंग्जची लढाई अजून महिनाभर लांब आहे आणि इंग्लंडच्या गादीवर हॅरल्ड बसलेला आहे. असे गेम कडक तपासायचे, कारण तारीख त्यांनीच सांगितली आहे.

आणि तारीख सांगितली तरी तपासायची ती सुरुवातीची स्थिती. प्ले दाबल्यावर पुढे तुम्ही बायझँटियमकडून अख्खा युरोप जिंकलात तर तो तुमचा पराक्रम आहे, गेमची चूक नाही.

पायरी २: एकच लीडर, एकच शीट

"अमुक गेम अचूक आहे का" हा प्रश्न विचारूच नका, त्याला उत्तर नसतं. एक लीडर घ्या, एक सिव्हिलायझेशन (म्हणजे गेममध्ये खेळायला मिळणारा एक देश किंवा समाज) घ्या आणि एक साधी शीट उघडा. रकाने पाच पुरे: गोष्ट काय, ती कोणत्या काळातली, कुठली, हे कुणी लिहून ठेवलंय, आणि शेवटी तुमचं मत. लीडर, नाव, भाषा, युनिट (म्हणजे सैन्याची तुकडी), इमारत, बोनस, प्रत्येकाला स्वतंत्र ओळ. पहिले तीन रकाने भरले तरी अर्धा निकाल लागतो, खरंच.

उदाहरण देतो. सिव्ह ५ चा भारत घ्या. लीडर गांधीजी, विसावं शतक. खास युनिट युद्धहत्ती, गेममध्ये प्राचीन काळात मिळतो. खास इमारत मुघल किल्ला, म्हणजे सोळावं-सतरावं शतक. आता काळाचा रकाना वरून खाली वाचा. गेमने हत्ती, किल्ला आणि गांधीजी तीन वेगळ्या काळांतून उचललेत, हजारो वर्षांचं एक गाठोडं बांधून त्यावर "इंडिया" लिहिलंय.

ठिकाणाचा रकाना किती उपयोगी आहे ते सिव्ह ४ मध्ये दिसतं, तिथे चक्क "नेटिव्ह अमेरिकन एम्पायर" नावाची एक सिव्हिलायझेशन आहे. लीडर सिटिंग बुल, तो मैदानी प्रदेशातला लाकोटा. युनिट डॉग सोल्जर, ते शायान लोकांचे. इमारत टोटेम पोल, म्हणजे कोरीव लाकडी खांब, ते कोरतात वायव्य किनाऱ्यावर, पॅसिफिकच्या बाजूला. तीन वेगळे समाज, वेगळ्या भाषा, आणि वरून "एम्पायर" हा शब्द, जो या तिघांपैकी कुणालाच लागू होत नाही. त्याच गेममध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा लीडर शार्लमेन आहे, ज्याचा राज्याभिषेक सन ८०० चा, आणि त्याचं खास युनिट लांड्सक्नेख्ट, म्हणजे जर्मन भाडोत्री सैनिक, जे पंधराव्या शतकाच्या शेवटी तयार झाले. जवळजवळ सातशे वर्षांचा फरक!

पायरी ३: लीडर नक्की कोण होता

इथे मी लीडरला चारपैकी एका खणात टाकतो. खरोखर राज्य केलेला, दुसऱ्याच्या नावाने कारभार पाहिलेला, कधीच गादीवर न बसलेला, आणि मुळात होता की नाही यावरच प्रश्न असलेला.

पहिला खण सोपा. दुसऱ्याचं उदाहरण सिव्ह ६ ची कॅथरीन द मेदिची, जन्म फ्लॉरेन्सचा, फ्रान्सची राणी झाली, नंतर मुलाच्या नावाने कारभार चालवला. तिसऱ्यात गांधीजी येतात, त्यांनी कुठलंच सरकारी पद घेतलं नाही, आणि २०२५ च्या सिव्ह ७ ने तर हा खण मुद्दाम भरून टाकलाय: मॅकियाव्हेली, कन्फ्युशियस, इब्न बतूता, हॅरिएट टबमन, बेंजामिन फ्रँकलिन जो कधी राष्ट्राध्यक्ष नव्हता. काही लोकांना याचा राग येतो, मला नाही येत. "राष्ट्राचा चेहरा म्हणजे राजाच" ही समजूत पण गेमनेच लावलेली सवय आहे.

चौथा खण सगळ्यात मजेदार. गिल्गमेश. सुमेरी राजांच्या यादीत तो आहे, पण त्याच यादीत त्याने १२६ वर्षं राज्य केलं असंही लिहिलंय. कार्थेज वसवणारी डायडो, माओरींचा कुपे हे परंपरेतून आलेले. असा लीडर घेणं चूक नाही, पण शीटमध्ये "पुरावा" आणि "परंपरा" असे दोन वेगळे शब्द वापरा, एकाच माळेत ओवू नका.

लीडरच्या वंशावरून उड्या मारू नका, ही माझी खास विनंती. सलादिन अरबांचा लीडर असतो, तो कुर्द होता. रशियाची कॅथरीन द ग्रेट जन्माने जर्मन राजकन्या. क्लिओपात्राचं घराणं मॅसेडोनियन ग्रीक, आणि प्लुटार्क सांगतो की तिच्या आधीच्या राजांनी इजिप्शियन भाषा शिकायचेही कष्ट घेतले नव्हते. हे बघून "गेम चुकला" म्हणणारा स्वतःच चुकतो, कारण राजा आणि प्रजा एकाच रक्ताचे असायला पाहिजेत ही अट आजची आहे, तेव्हाची नाही. सिव्ह ६ मध्ये एलिनॉर ऑफ अॅक्विटेन इंग्लंड आणि फ्रान्स दोन्ही चालवू शकते, कुब्लाई खान मंगोल आणि चीन दोन्ही. बघायला जुगाड वाटतो. पण एलिनॉर खरोखर आधी फ्रान्सची आणि मग इंग्लंडची राणी होती, आणि कुब्लाई मंगोलांचा खान असतानाच युआन घराण्याचा पहिला बादशहा होता, म्हणजे इथे गेम आपल्यापेक्षा हुशार निघाला.

भाषा ऐकू येत असेल तर तीही एक ओळ. सिव्ह ५ मधले गांधीजी हिंदी बोलतात, त्यांची मातृभाषा गुजराती. हिंदी त्यांना येत होती, त्यामुळे ही चूक नाही, निवड आहे. तसंच लिहा.

पायरी ४: नाव कुणी ठेवलं

सिव्हिलायझेशनचं नाव तिच्या लोकांनी स्वतःला दिलेलं आहे की दुसऱ्यांनी चिकटवलंय? आपण ज्यांना "बायझंटाईन" म्हणतो ते लोक स्वतःला रोमन म्हणायचे, हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी रूढ केलं. "अॅझ्टेक" म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणायचे. एज ऑफ एम्पायर्स ३ मध्ये आधी इरोक्वा आणि सू होते, २०२० च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये ते होडेनोशोनी आणि लाकोटा झाले, म्हणजे त्या लोकांची स्वतःची नावं आली, आणि नुसतं नाव बदलून थांबले नाहीत तर काही खेळायच्या गोष्टीही बदलल्या.

नावात काळही लपलेला असतो. एम्पायर टोटल वॉर १७०० मध्ये सुरू होतो आणि त्यात मराठ्यांच्या फॅक्शनचं नाव "मराठा कॉन्फेडरसी". आता १७०० ला काय चाललं होतं ते आठवा: मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराबाईंनी लहान मुलाला गादीवर बसवून सूत्रं हातात घेतली, एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हातात पडला. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले असे सरदार आपापल्या मुलखात मोठे झाले ते पुढे पेशव्यांच्या काळात, आणि कॉन्फेडरसी हा शब्द त्या रचनेसाठी आहे. म्हणजे नाव पुढच्या पिढीचं आणि तारीख आधीची.

मोठ्या छत्रीखाली किती जण कोंबलेत तेही बघा. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये २०१३ ला "इंडियन्स" आले, एका शब्दात अख्खा उपखंड. २०२२ ला त्याचे चार झाले: हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली, द्रविडियन. चार तरी कुठे पुरतात म्हणा, पण एकपेक्षा बरं.

पायरी ५: युनिट, आणि हसायच्या आधी थांबा

या पायरीवर मी स्वतः तोंडावर आपटलोय. रोम टोटल वॉरमध्ये अंगाला आग लावलेली डुकरं शत्रूवर सोडता येतात. मी म्हटलं हा काय फालतूपणा, गेमवाल्यांनी काहीही केलंय. आणि त्याच गेममधले इजिप्तचे रथ, फेरोच्या थाटातले सैनिक बघून म्हटलं वा, काय अस्सल आहे!

बरोबर उलटं होतं. पेटवलेली डुकरं प्राचीन लेखकांनी नोंदवलेली आहेत, मेगाराच्या वेढ्यात मॅसेडोनियाच्या अँटिगोनस राजाच्या हत्तींना बिथरवायला ती सोडली असं ते सांगतात. ते लिहिणारे चारेकशे वर्षांनंतरचे, त्यामुळे डोळे झाकून खरं मानू नका, पण गेमवाल्यांच्या डोक्यातून आलेलं नक्कीच नाही. आणि इजिप्त? इ.स.पू. २७० ला तिथे टॉलेमी घराणं होतं, सैन्य मॅसेडोनियन पद्धतीचं, लांब भाल्यांचा फॅलँक्स. इ.स.पू. २१७ च्या राफियाच्या लढाईत त्यांनी स्थानिक इजिप्शियन लोकांनाही याच पद्धतीचं शिक्षण देऊन उतरवलं होतं. गेमने जो इजिप्त दाखवला तो निदान आठशे-हजार वर्षं जुना, सिनेमात शोभणारा. २०१३ च्या रोम २ मध्ये हे दुरुस्त केलं.

तेव्हा नियम असा, जे विचित्र दिसतं ते तपासा आणि जे ओळखीचं, "अगदी तसंच" वाटतं ते दुप्पट तपासा. ओळखीचं वाटतं कारण ते आधी कुठल्यातरी पोस्टरवर पाहिलेलं असतं. शिंगवाली व्हायकिंग शिरस्त्राणं अशीच, एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या कपड्यांमुळे पसरलेली. एज २ मधला बंगाल्यांचा रथ पण याच रांगेत, दिसायला झकास, पण मध्ययुगापर्यंत लढाईतून रथ जवळपास बाद झाले होते.

एक सोपी ट्रिक: मोठ्या म्युझियमच्या साइटवर, म्हणजे ब्रिटिश म्युझियम किंवा न्यूयॉर्कचं मेट, वस्तूंचे फोटो फुकट बघायला मिळतात आणि प्रत्येकाखाली अंदाजे काळ आणि ठिकाण दिलेलं असतं. युनिटचा स्क्रीनशॉट आणि त्या काळातली खरी तलवार शेजारी शेजारी ठेवा. दहा मिनिटांत कळतं.

पायरी ६: नियम काय शिकवतात

ही पायरी सगळे सोडून देतात आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. कपडे, झेंडे, दाढ्या पाच मिनिटांत दुरुस्त होतात, पण गेमच्या नियमात बसलेला इतिहास आपल्याला दिसतच नाही, कारण आपण तो वाचत नाही, खेळतो.

सिव्ह ५ मध्ये रस्ता बांधायला आधी चाकाचा शोध लावावा लागतो. ऐकायला किती लॉजिकल. आता इंकांकडे बघा: वाहतुकीला चाक नाही, आपण म्हणतो तशी लिपी नाही, हिशोब दोरीच्या गाठींमध्ये, ज्याला किपू म्हणतात, आणि तरी अँडीज डोंगरांतून ३०,००० किलोमीटरहून जास्त लांबीचं रस्त्यांचं जाळं, त्यावरून पायी धावणारे निरोपे. त्याच सिव्ह ५ मध्ये इंका खेळायला मिळतात, त्यांना डोंगराळ भागासाठी छान बोनस आहे, आणि तरी पहिला रस्ता टाकायला चाक शोधायलाच पाठवतात! टेक ट्रीचा, म्हणजे कोणत्या शोधानंतर कोणता शोध लावता येतो त्या तक्त्याचा, अर्थ एकच, सगळी माणसं एकाच जिन्याने वर चढतात, कुणी पुढे कुणी मागे. इतिहासात असे जिने अनेक होते.

तसेच बार्बेरियन. नकाशावर लाल ठिपका, त्याला नाव नाही, बोलणी नाहीत, फक्त मारायचा आणि सोनं घ्यायचं. सिव्ह ६ ने उशिरा एक मोड दिला ज्यात या टोळ्यांशी व्यवहार करता येतो, त्या पुढे नगरराज्य होऊ शकतात. तो मोड चालू आणि बंद असे दोन गेम खेळून बघा, नकाशाकडे बघायची नजर बदलते की नाही सांगा.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण पाउंडमेकरचं. २०१८ ला सिव्ह ६ मध्ये क्री लोकांचा हा प्रमुख लीडर म्हणून आला. रिसर्च वाईट नव्हता, त्याच्या क्षमता मैत्री आणि व्यापाराशी जोडलेल्या, जे त्याच्या शांततावादी प्रतिमेला धरून आहे. तरी क्री समाजाच्या आजच्या नेतृत्वाकडून आक्षेप आला, आणि तो कपड्यांवर नव्हता. दुसऱ्यांची जमीन जिंकत जायचं ही वसाहतवाद्यांची विचारपद्धत, आणि आमचेही लोक तसेच वागायचे असं हा गेम दाखवतो, हे त्यांचं म्हणणं. एका ओळीतही चूक न सापडता अख्खी चौकट चुकीची असू शकते ती अशी. त्याआधी सिव्ह ५ साठी प्वेब्लो लोकांचा पोपे, १६८० च्या स्पेनविरोधी उठावाचा नेता, घ्यायचं ठरत होतं, पण तिथल्या समाजाने नको सांगितलं आणि कंपनीने ऐकलं, त्याऐवजी शोशोनी आले.

आणि गाळलेलं काय, तेही लिहा. हार्ट्स ऑफ आयर्न ४ मध्ये १९३६ पासून कारखाने, रेल्वे, डिव्हिजन सगळं बारीकसारीक आहे, पण ज्यूंचा संहार नाही. का नाही ते समजू शकतं, कुणी तो "खेळावा" असं कुणालाच वाटणार नाही. पण शंभर तास जर्मनी खेळलेल्या माणसाच्या डोक्यात कसला जर्मनी राहतो, हा प्रश्न शीटमध्ये पाहिजे.

पायरी ७: पुरावा शोधताना

गेमच्या आतली माहिती वाचा, पण ती आरोपीचा जबाब म्हणून, निकाल म्हणून नाही. मग विश्वकोशातला लेख, आणि त्यातला मजकूर नव्हे तर खालचे संदर्भ, ते कोणत्या सालचे आहेत ते बघा. चॅटबॉटला विचारलंत तर उत्तर देईलच, आत्मविश्वासाने देईल, म्हणून त्याने दिलेलं प्रत्येक नाव आणि साल वेगळं शोधा.

मुख्य प्रश्न: हे सांगणारा घटनेपासून किती लांब होता? अशोकाचं बघा, सिव्ह ७ मध्ये त्याची दोन रूपं आहेत, एक जग जिंकणारा आणि एक जगाचा त्याग करणारा. कलिंगाबद्दल अशोक स्वतः तेराव्या शिलालेखात बोलतो, एक लाख मेले, दीड लाख लोकांना पकडून नेलं, आणि पश्चात्ताप. हा त्याच्याच काळातला दगडावरचा पुरावा, आणि गंमत म्हणजे खुद्द कलिंगातल्या धौली आणि जौगडच्या लेखांमधून हा मजकूर वगळलाय. बौद्ध कथांमधला क्रूर चंडाशोक मात्र कित्येक शतकं नंतर लिहिलेला. दोन्ही ठेवा, पण वेगवेगळ्या रकान्यात. टोटल वॉर थ्री किंगडम्सने हेच काम खेळाडूसाठी करून दिलंय, एक मोड तिसऱ्या शतकात लिहिलेल्या इतिहासावर आणि दुसरा हजारेक वर्षांनंतरच्या कादंबरीवर, ज्यात एकटा सेनापती शेकडो सैनिक उडवतो. असं बटण प्रत्येक गेममध्ये पाहिजे राव.

संशोधनही बदलतं हे लक्षात ठेवा. मारियस या रोमन सेनापतीने इ.स.पू. १०७ च्या सुमाराला रोमन सैन्य एका झटक्यात बदललं, हे रोम टोटल वॉरमध्ये एक मोठा इव्हेंट म्हणून येतं. २००४ ला ते सर्रास मानलं जायचं. आता बरेच इतिहासकार म्हणतात की हे बदल हळूहळू झाले, एका माणसाच्या नावावर नंतर चिकटवले गेले. मग याला गेमची चूक म्हणायचं का? मी "तेव्हाचं मत" असं लिहितो.

पायरी ८: निकाल लिहिताना

बरोबर-चूक या दोन शब्दांत भागत नाही. "खेळासाठी केलेली तडजोड" हा वेगळा शिक्का लागतो. एज २ मध्ये अॅझ्टेकांना घोडे नाहीत, इगल वॉरियर आहेत, छान. पण त्यांनाच चाकांवरचे रॅम आणि दगडफेकीची यंत्रं दिलीत, जी त्यांच्याकडे नव्हती, कारण नाहीतर समोरच्याचा किल्ला पाडणार कशाने. ही तडजोड. टॉलेमींना फेरोचे रथ देणं ही तडजोड नाही, तिथे फॅलँक्स दिला असता तरी गेम तितकाच चालला असता. फरक हाच विचारा, बरोबर दाखवलं असतं तर खेळ मोडला असता का?

गेम आवडता असेल आणि चुका डोळ्यांत खुपत असतील तर मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल, शोधा, रोम टोटल वॉरसाठी युरोपा बार्बरोरम नावाचं मॉड लोकांनी याच चिडीतून बनवलं.

शेवटची गोष्ट, शीटवर गेमचं व्हर्जन आणि तपासल्याची तारीख घाला. कारण एज २ च्या २०१३ च्या "इंडियन्स"वर लिहिलेली तक्रार २०२२ नंतर निम्मी बाद झाली. माझ्या शीटमध्ये सध्या सिव्ह ७ चा भारत चालू आहे: प्राचीन युगात मौर्य, मग शोधयुगात चोळ, जे १०२५ ला समुद्र ओलांडून श्रीविजयवर गेले म्हणून मस्त बसतात, आणि आधुनिक युगात मुघल, ज्यांची सुरुवात १५२६ ची आणि १७०७ नंतर घसरण, म्हणजे जोर होता तेव्हा शोधयुग चालू होतं आणि आधुनिक युग येईपर्यंत दिल्लीच्या बाहेर फारसं कुणी ऐकत नव्हतं. शिक्क्याच्या रकान्यात आत्ता पेन्सिलने "तडजोड?" लिहून ठेवलंय.